भुरकी नदीच्या साकवाची आणि समन्वयाच्या नकाशाची हकिकत

श्रीगजाननास वंदून, शारदेस हात जोडून, आणि रस्ते, पाणी व दिवे या तिन्ही खात्यांची हरकत नाही ऐसे गृहीत धरून ही हकिकत लिहावयास घेतली असे. शके एकोणीसशे त्रेचाळीस, प्लव नाम संवत्सर, ते साली राज्यात बहुत कामे चालू होती आणि एका कामाचा दुसऱ्यास पत्ता नव्हता. रस्तेखात्याने रस्ता करावा, मग पाणीखात्याने तो उकरून नळ घालावा, मग दिवेखात्याने नळावर खांब रोवावा आणि नळ फुटावा, आणि फुटल्या पाण्याने रस्ता वाहून जावा, मग रस्तेखात्याने पुन्हा रस्ता करावा. ऐसे सात वर्षे अखंड चालिले आणि कोणासही बसून राहण्याचा प्रसंग आला नाही. परंतु एके दिवशी खासा महाराजांची गाडी नळाच्या खड्ड्यात गेली आणि वरून खांब आला. महाराज बाहेर आले, अंग झाडिले, आणि हुकूम जाहला की, राज्यातील सर्व कामे एका विचाराने व्हावी, गावोगावी भरभराट पोहोचावी, आणि त्याकरिता समन्वय नामे नवे खाते करावे.

त्या खात्यावर विसाजीपंतांची नेमणूक जाहली. पंत शिस्तीचे, बोलणे मोजके, कोणाचा विडादेखील घ्यावयाचे नाहीत. त्यांनी सोळा हात लांब कापडाचा नकाशा करविला आणि नियम घातला की, जे जमिनीवर आहे ते हिरवे आणि जे नाही ते लाल. हिरव्यास हात लावू नये, लालास सोडू नये. आणि पंतांनी जे डोळ्यांनी पाहिले तेच खरे, अर्जावरून रंग बदलणे नाही, कारण अर्ज कोणीही लिहितो. नियम उत्तम होता. आम्हांसही तो आवडला होता, हे येथे कबूल करितो. नकाशा धरावयास चार इसम ठेविले होते, त्यांपैकी ईशान्येचे टोक आमच्याकडे होते.

त्याच टोकाशी भुरकी नदीपलीकडे मौजे आंबेतड हे गाव. भुरकी उन्हाळ्यात गुडघाभर आणि पावसाळ्यात कोणाच्या बापाची नव्हे. सबब गावाची रीत ऐशी की, पाऊस सरला म्हणजे सगळ्या घरांनी मिळून बांबू आणि पोफळीच्या खोडांचा साकव नदीवर बांधावा, आणि मृग लागताच सोडून ठेवावा, नाहीतर नदी नेते. मग चार महिने गाव आपले आपण. त्या गावच्या सरपंच ठकूबाई. त्यांची थोरली सून दोन वर्षांमागे श्रावणात अडली, आणि पलीकडे जाता येईना, आणि त्या नदीकाठीच दगावली, पोटातल्या जिवासकट. तेव्हापासून ठकूबाईंनी एकच धरिले होते की, गावास पक्का पूल व्हावा. दुसरे काही मागत नव्हत्या.

मार्गशीर्षात पंतांची स्वारी येणार ऐसे कळले. ठकूबाईंनी गाव जमवून सांगितले, "सायब पयल्यांदा गावात येतोय. त्याचे पाय भिजता नयेत. सुखानं आला तर सुखानं ऐकून घेईल." मग गाव कामास लागले, आणि त्या साली जैसा साकव जाहला तैसा कधी जाहला नव्हता. दुप्पट रुंद, दोहों बाजूंस कठडा, कठड्यास झेंडूच्या माळा, वर पाय घसरू नये म्हणून गवताच्या पेंढ्या. पंत आले, साकवावरून चालत पैलतीरी गेले, मध्ये उभे राहून एकवार पाय आपटून पाहिले, आणि म्हणाले, "वा! उत्तम पूल आहे." ठकूबाई आत ताक आणावयास गेल्या होत्या. ताक येईतो पंतांनी हिरवी कुंचली मागविली आणि भुरकीवर पूल लिहिला गेला. तो साकव आहे, ज्येष्ठात सुटेल, हे आम्हांस ठाऊक होते, कारण आमचे आजोळ त्याच खोऱ्यातले. परंतु नकाशा धरणाराने बोलावयाचे नसते. आम्ही बोललो नाही. याची लाज आजही वाटते.

मग समन्वयाचा प्रताप दिसो लागला. नदीच्या ऐलतीरी रुंद डांबरी रस्ता थेट पाण्यापर्यंत आला, आणि त्याच्या कडेने आधीच नळ घातला होता, आणि नळ सोडून दोन हातांवर खांब रोविला होता. काही उकरावे लागले नाही, काही फुटले नाही. पैलतीरी गावाकडूनही तैसाच रस्ता, तैसाच नळ, तैसाच दिवा. दिवे दिवसाही जळत, इतकी सुबत्ता. मध्ये नदी. ठकूबाईंनी पुलाचे अर्ज तीन केले. तिन्हींस एकच उत्तर आले की, पूल हिरवा आहे.

पुढील साल शुभकृत्. सर्व कामे सिद्धीस गेली ऐसा डांगोरा पिटावयाचा होता, त्याआधी पंतांनी समाप्तीची स्वारी काढिली आणि मृग लागल्यावर आंबेतडास यावयाचे ठरविले. तेसमयी धाकट्या सुनेचे, गंगूचे, दिवस भरत आले होते. ठकूबाईंनी हुकूम केला, "साकव सोडा. पावणा येवो का राजा येवो, या खेपेला बांबू लावायचा नाय. पाण्यातनं येऊ दे त्याला." गावाने बांबू सोडिले. परंतु पंत ऐलतीरी येऊन उभे राहिले, पाणी कमरेएवढे, आणि गावच्या जाणत्यांस राहवेना. पाहुणा पाण्यात उतरणार आणि आपण पाहणार, हे त्यांच्या सात पिढ्यांत घडले नव्हते. ठकूबाई घरी गंगूपाशी होत्या. मग आठजणांनी शाळेतली खुर्ची आणिली, पंतांस बसविले, खुर्ची खांद्यावर घेतली, आणि नकाशास दुसऱ्या आठांनी. आणि पंत कोरडे पैलतीरी उतरले. म्हणाले, "नवीन वाहतूक व्यवस्था दिसते. मूळ पुलाहून आरामाची." आणि पुन्हा हिरवी कुंचली मागविली.

ठकूबाई आल्या, पाहिले, आणि त्या आठजणांस ऐशा बोलल्या की ते येथे लिहिता येत नाही. शेवटी म्हणाल्या, "झालं? आता पोचवा की परत!" तोवर वर घाटात पाऊस कोसळला होता. भुरकी पाहतापाहता छातीस आली, मग झाडांस आली. खुर्ची काठावर राहिली. पंत आंबेतडात अडकले, आणि आम्हीही.

तिसरे दिवशी दुपारी गंगूच्या पोटात कळा सुरू जाहल्या. सकाळपासून काही ठीक दिसत नव्हते. ऐलतीरी दवाखान्याची गाडी येऊन उभी राहिली. रस्ता उत्तम, सबब ती वेळेत पोहोचली. गाडीत डॉक्टरीण होती ती दिसत होती, हात हलवीत होती, ओरडत होती, आणि पाण्याच्या आवाजात काही ऐकू येत नव्हते. अंतर चाळीस हात. पंत काठावर नकाशाजवळ उभे होते. ठकूबाई त्यांच्यासमोर आल्या. रडल्या नाहीत. म्हणाल्या, "पंत, ती पोर आत तळमळत्येय. तुमच्या कापडावर ती हिरवी का लाल, येवढं बघून सांगा."

पंतांनी नकाशाकडे पाहिले, नदीकडे पाहिले. मग आम्हांकडे पाहून म्हणाले, "लाल रंग आणा." लाल रंग आणिला नव्हता, समाप्तीच्या स्वारीत त्याचे काम काय म्हणून तो राजधानीतच ठेविला होता. आम्ही तैसे सांगितले. आणि मग, सहा महिने उशिरा, आम्ही हेही सांगितले की, पंत, तो पूल कधीच नव्हता, तो साकव होता, तुमच्याकरिता बांधिला होता. ठकूबाई घरात गेल्या आणि थोरल्या सुनेचा कुंकवाचा करंडा घेऊन आल्या. पंतांनी ते कुंकू पावसाच्या पाण्यात कालविले, आणि मातीत गुडघे टेकून आपल्या बोटाने भुरकी नदी उगमापासून खाली लाल केली. रेघ वाकडी आली. ती आजही तैशीच आहे.

संध्याकाळच्या आत गंगू सुटली. गावच्या सुईणीने आणि ठकूबाईंनी तिला सोडविली. मुलगी जाहली, ती प्रथम रडेना, मग रडली, आणि ठकूबाई तेव्हा रडल्या. ऐलतीरी डॉक्टरीण दिव्याच्या खांबास धरून खालीच बसली. यात समन्वय खात्याचे काहीही कर्तृत्व नव्हते, परंतु राजधानीतील लेखात ते यश खात्याचे म्हणून लिहिले आहे.

शके एकोणीसशे पंचेचाळिसात भुरकीवर दगडी पूल जाहला. त्याच सालच्या मार्गशीर्षात वरल्या अंगाच्या करंजतड गावी पंतांची स्वारी ठरली. तेथे नदी तीच, आणि नकाशात ती लाल असली तरी नियम मोडला नव्हता, पंत पाहतील तेच खरे. ठकूबाई नात कडेवर घेऊन नव्या पुलावरून निघाल्या आणि स्वारीच्या आदले दिवशी करंजतडास पोहोचल्या. तेथे सगळे गाव बांबू बांधीत होते, बायका झेंडू ओवीत होत्या. ठकूबाई पाण्यात उभ्या राहून म्हणाल्या, "सोडा ते बांबू. ताक द्या, जेवाया घाला, काय हवं ते करा. पन पावण्याचे पाय भिजूद्यात."

गावाने रात्रभर विचार केला आणि सकाळी बांबू सोडिले. पंत आले. काठावर थांबले. कोणी खुर्ची आणिली नाही. मग पंतांनी आपल्या हातांनी जोडे काढिले, धोतर वर खोचिले, आणि पाण्यात उतरले. आणि मागून नकाशाचे ईशान्य टोक घेऊन आम्ही.

ऐसी भुरकीची हकिकत. पाणी थंड होते. जैसे पाहिले तैसे लिहिले. जे पहिल्या साली बोलावयाचे राहिले, तेही यात लिहिले.