भाजी दाखवा, मटण न्या

भाजीवाल्या मावशींचा फोन आला तेव्हा ती अजून ओले केस पुसत होती. सुट्टीची सकाळ होती. मावशींनी ना कशी आहेस विचारलं, ना चहा झाला का. "तुझ्या बापानं दुकान सोडून दवाखाना काढलाय," एवढंच म्हणाल्या, "आणि रांग माझ्या टोमॅटोंवर आलीये."

बापाचं मटणाचं दुकान आणि लेक हॉस्पिटलात आहारतज्ज्ञ, म्हणजे त्या घरात खरं तर विळ्याभोपळ्याचं सख्य असायला हवं होतं. पण बाबांनी ते कधी होऊ दिलं नाही. लेक डिग्री घेऊन घरी आली त्या दिवसापासून त्यांनी तिचा शब्द खाली पडू दिला नव्हता. जेवताना ती जे सहज बोलून जाई, ते दुसऱ्या दिवशी दुकानात छाती काढून सांगितलं जाई. सुरीला धार लावता लावता ते प्रथिनांवर बोलत. "आमची मुलगी म्हणते" अशी सुरुवात झाली की जुनी गिऱ्हाइकं पिशवी खाली ठेवत आणि भिंतीला टेकून उभी राहत, कारण आता निदान पाव तास सुटका नाही हे त्यांना ठाऊक असे.

त्यातच नाक्यावरच्या व्यायामशाळेतल्या पहिलवानाने फक्त मांस खाण्याचं खूळ आणलं. धान्य नाही, भाजी नाही, फळ नाही. सकाळ, दुपार, संध्याकाळ नुसतं मांस. बाबांचा धंदा बघता बघता दुप्पट झाला. दुसरा कुणी असता तर त्याने पहिलवानाच्या गळ्यात हार घातला असता. बाबांनी लेकीला विचारलं. तिने फायदेही सांगितले, तोटेही सांगितले. बाबांनी काकडी चावत दोन्ही ऐकून घेतलं, काही दिवस विचार केला आणि दुकानाला नवा नियम लावला: आधी मावशींकडून भाजी घ्यायची, ती गल्ल्यापाशी दाखवायची, मग मटण मिळणार. मावशींचा माल दुपारच्या आत संपू लागला. तक्रार त्यांची नव्हती, तक्रार टोमॅटोंची होती.

ती पोचली तेव्हा रांग कोपऱ्यावरून वळली होती. माणसं हातात भाजीची जुडी धरून उभी होती, जणू कुणाच्या सत्काराला आली होती. ती पुढे सरकली आणि जागच्या जागी थिजली. रांगेच्या अगदी तोंडाशी, टोपी कपाळावर ओढून, तिच्या हॉस्पिटलातले मोठे डॉक्टर उभे होते.

मोठ्या डॉक्टरांची गोष्ट अशी होती की तिला कायम करायचं की नाही, हे त्यांच्या सहीवर अडलं होतं. तिच्या कामाबद्दल त्यांना शंका नव्हती. शंका होती ती त्या कामाच्या उपयोगाबद्दल. "तुम्ही सांगता ते ठीक," ते म्हणत, "पण ऐकतं कोण? एक माणूस दाखवा." आणि तिच्याकडे दाखवायला माणूस नव्हता. रुग्ण तिच्यासमोर मान डोलवत आणि फाटकाबाहेर पोचायच्या आत वड्यांचा पुडा सोडत. खुद्द मोठे डॉक्टर पहिलवानाच्या नादी लागलेले. वजन उतरलं होतं, पट्ट्याला नवी भोकं पाडली होती आणि ती भोकं डॉक्टर येता-जाता सगळ्यांना दाखवत असत. तिने त्यांना अदबीने, आडून आडून दोनदा सुचवलं होतं. दोन्ही वेळा त्यांनी पट्टा दाखवला होता.

ती मावशींच्या कोबीच्या ढिगामागे सरकली.

"किती?" बाबांनी विचारलं.

"तीन किलो."

"पाहुणे आलेत?"

"नाही. मी एकटाच खातो."

बाबांनी सुरी खाली ठेवली. ते असं करत तेव्हा दुकानातला पंखासुद्धा हळू फिरतो आहे असं वाटे. "भाजी कुठाय?"

डॉक्टर म्हणाले, भाजी आपण खात नाही. बाबा म्हणाले, मग पोट साफ होतं का? डॉक्टरांनी टोपी आणखी खाली ओढली. रांगेतली माणसं, जी आतापर्यंत उशीर होतोय म्हणून कुरकुरत होती, ती एकदम गप्प झाली. उत्तराची घाई कुणालाच नव्हती.

"हे बघा," बाबा म्हणाले, "माझा धंदा आहे म्हणून मी फायदे फुगवणार नाही आणि मुलगी शिकलेली आहे म्हणून लपवणारही नाही. वजन उतरतं. भूक मरते. कुणाकुणाची साखर खाली येते. पण येते ती गोडधोड आणि तळलेलं सुटलं म्हणून. त्याचं श्रेय माझ्या मटणाला देऊ नका."

"आणि तोटे?" रांगेतून कुणीतरी विचारलं.

"तोटे सकाळी कळतात."

रांग हसली. बाबांना हसणारी रांग मिळाली की ते थांबत नसत. कोबीमागे तिने डोळे मिटून घेतले, कारण आता काय येणार हे तिला कळलं होतं. ते तिनेच घरी सांगितलं होतं, जेवताना, नक्कल करून.

"माझ्या मुलीच्या हॉस्पिटलात एक मोठे डॉक्टर आहेत," बाबा म्हणाले. "नुसतं मांस खातात. रोज सकाळी पेपर घेऊन ऐटीत आत जातात आणि खटला हरलेल्या वकिलासारखे बाहेर येतात. एवढा शिकलेला माणूस. पण त्यांना सांगणार कोण?"

मोठ्या डॉक्टरांनी टोपी काढली. घाम पुसला. मग फार सावकाश विचारलं, "तुमची मुलगी कोण?"

"ती काय," बाबा म्हणाले, आणि लेक रंगमंचावर उभी असावी अशा थाटात त्यांनी हात पसरला, "कोबीमागे."

सगळ्या माना वळल्या. तिने नमस्कार केला. मोठे डॉक्टर तिच्याकडे पाहत राहिले, मग रांग सोडून मावशींपाशी आले, मेथीची जुडी घेतली, परत गेले आणि ती तिकीट दाखवावं तशी बाबांपुढे धरली. बाबांनी जुडी उलटीपालटी करून पाहिली आणि अर्धा किलो तोलून दिलं.

दुपारी शटर खाली आलं तेव्हा ती बाबांवर बरसली. तुम्ही माझी नोकरी घालवलीत, म्हणाली. घरातलं बोलणं चव्हाट्यावर कशाला न्यायचं, म्हणाली. बाबा ओटा धूत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"खोटं काय बोललो?"

"खोटं नाही बोललात, हाच तर घोळ आहे."

"काही राहिलं का सांगायचं?"

तिला रागातही उत्तर द्यावंसं वाटलं. चूक दिसली की तिला राहवत नसे. "युरिक ॲसिड राहिलं. सांधे धरतात. आणि मुतखडा."

"अरेच्चा," बाबा म्हणाले. "उद्या सांगतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना ते खुर्चीत बसल्या बसल्या गेले. कप हातात तसाच होता. भेटायला आलेल्यांपैकी काहीजण दारातून बाहेर पडताना हळूच म्हणाले, मटणाचा धंदा, दुसरं काय होणार. गेलं वर्षभर लेकीच्या सांगण्यावरून बाबा पानात आधी भाजी वाढून घेत होते. तिने कुणाची चूक दुरुस्त केली नाही. तिच्या आयुष्यात हे पहिल्यांदाच घडत होतं.

महिन्याभराने तिच्या नोकरीबाबत हॉस्पिटलात बैठक झाली. मधल्या खुर्चीत मोठे डॉक्टर. त्यांचा चेहरा उजळला होता, चालण्यात एक मोकळेपणा आला होता आणि मेथीबद्दल ते हल्ली पट्ट्यापेक्षा जास्त बोलत. प्रश्न त्यांनी आधीच ठरवून आणला होता, हे त्यांच्या आवाजावरून कळत होतं.

"तुमचा सल्ला ज्याने तंतोतंत पाळला, असा एक माणूस सांगा."

असं म्हणून त्यांनी कोट सारखा केला, पाठ ताठ केली आणि फोटो काढायला बसल्यासारखे समोर पाहू लागले. येताना तिनेही त्यांचंच नाव घ्यायचं ठरवलं होतं. शहाणपणाचं तेच होतं.

"माझे वडील," ती म्हणाली.

डॉक्टरांचा हात कोटावरून खाली आला.

"दुसरे तुम्ही, सर. पण तुम्ही माझं ऐकलं नव्हतं. तुम्ही त्यांचं ऐकलंत."

शेजारचे सदस्य टेबलाकडे बघू लागले. मोठ्या डॉक्टरांनी कागद ओढला आणि मान वर न करता सही केली. तिने आता थँक्यू म्हणून उठायला हरकत नव्हती. ती उठली नाही.

"ते मटण विकायचे," ती म्हणाली. आवाज नेहमीचाच होता, रुग्णांना समजावून सांगायचा. "आणि माझ्या सांगण्यावरून कमी विकायचे. मी डिग्री घेतल्यापासून किती लोकांना काय काय सांगितलं, पण माझं ऐकणारे ते एकटेच होते. मी मात्र त्यांच्या बोलण्यात काय राहिलं तेवढंच सांगत आले. बाबा, मला तुमचा फार अभिमान होता. त्या दिवशी तुम्ही सगळं बरोबर सांगितलंत."