भाषण करणाऱ्याचं ऑपरेशन

जालिंदरच्या हातात माईक द्यायचा नाही, हे टॉवेल कारखान्यात सगळ्यांना ठाऊक होतं. पण महिला दिनाला पाहुण्या बाई आल्याच नाहीत, मालकांची नेमकी दाढ सुजली, आणि आयत्या वेळी माईक त्याच्याकडेच आला. जालिंदर पॅकिंगचा सुपरवायझर. एरवी माणूस साधा, पण समोर चार माणसं बसलेली दिसली की त्याच्या अंगात यायचं, आणि टाळी पडली तर मग विचारूच नका.

विषय होता स्त्रियांचं आरोग्य. या विषयावर बोलायला त्याच्याइतका नालायक माणूस अख्ख्या सोलापुरात सापडला नसता. त्याची बायको बुद्धप्रिया दोन बाळंतपणांत पार वाळून गेली होती. डॉक्टरीणबाईंनी त्याला समोर बसवून सांगितलं होतं, “यांच्या अंगात रक्त नाही. यांचं ऑपरेशन करण्यापेक्षा तुम्ही नसबंदी करून घ्या. दहा मिनिटांचं काम आहे.” तेव्हापासून सहा महिने जालिंदर ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणत होता. शेवटी बुद्धप्रियाने औषधं खाऊन रक्त जरा वाढवलं आणि येत्या मंगळवारी स्वतःचंच ऑपरेशन ठरवून टाकलं. जालिंदरने सुटकेचा निःश्वास सोडला होता. असा हा वक्ता!

“बाईच्या आरोग्याचा भार पुरुषानं उचलला पाहिजे!” टाळ्या.

“माझ्या आईनं ऑपरेशन झाल्यावर चौथ्या दिवशी मांडीवर सूप घेऊन विड्या वळल्या. मी या डोळ्यांनी बघितलंय!” तेव्हा जालिंदर पाळण्यात अंगठा चोखत होता. पण टाळ्या कडाडल्या.

“नुसतं बोलून भागणार नाही!”

शिलाई खात्यातली शांतम्मा उठून उभी राहिली. “मग तुमी काय करणार ते सांगा की, भाऊ!”

शहाणा माणूस इथे पाणी प्यायला असता. पण जालिंदर टाळ्यांच्या घोड्यावर बसला होता.

“मी? मी येत्या मंगळवारी स्वतः नसबंदी करून घेणार!”

मग जो गजर झाला, तसा त्याच्या वरातीतही झाला नव्हता. मालकांनी दाढ धरून उठून त्याच्या खांद्यावर सोलापुरी चादर घातली. चादरीची ऊब लागली तेव्हा कुठे जालिंदरला आपण काय बोललो ते कळलं.

‘घरी कुठं कळतंय!’ असा विचार करत तो परतला. पण शांतम्माने ते भाषण मोबाईलच्या स्टेटसला टाकलं होतं. दारातच मटणाचा वास आला. बुद्धप्रिया हसत होती. सहा महिन्यांत पहिल्यांदा.

“अहो, मी दवाखान्यात जाऊन आले. माझं नाव काढलं, तुमचं घातलं. मला वाटलं नव्हतं हो तुम्ही मनावर घ्याल.”

आता या चेहऱ्याला ‘नाही’ कोण म्हणणार? जालिंदरने मटण खाल्लं, पण गोड लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात निराळंच नाटक. बायकांच्या डब्याच्या सुट्टीत दुसरा विषयच नव्हता. कारखान्यात नवराबायको दोघं कामाला असलेली सात जोडपी होती, आणि त्या सातही घरांत आदल्या संध्याकाळी एकच प्रश्न विचारला गेला होता : जालिंदरभाऊ करतात, मग तुम्हाला काय धाड भरलीय?

“का बे, कशाला बोललास?” लूमवरचा सतीश त्याच्या अंगावर आला. “माझ्या बायकोनं माझंबी नाव घातलंय मंगळवारी!”

“माझंबी,” प्रदीप रडवेला झाला. “तू माघार घे बे. तू सुटलास की आमी सुटलो.”

जालिंदरला माघारच घ्यायची होती, वाट सापडत नव्हती. ती वाट वैरागहून एसटीने आली. त्याची आई मीनाबाई पिशवी टाकून दारातच बसली.

“माज्या लेकराला कुटं कापायला न्हेताय गं? ही बायामाणसाची कामं हायती!”

जालिंदरला आई इतकी प्रिय कधीच वाटली नव्हती. “आई एवढी म्हणतेय, तर मग...” त्याने सुरुवात केली.

“तुम्ही बसा इथंच. मी आईंशी बोलते,” बुद्धप्रिया म्हणाली आणि सासूला घेऊन आत गेली. दार लागलं ते बराच वेळ उघडलं नाही.

मंगळवार उजाडला. आईचा भरवसा होताच, पण सोबतीला जालिंदरने ताप आणायचा शाळेतला जुना इलाज काढला. दोन्ही काखांत एकेक कांदा धरून तो गोधडीत कण्हत पडला. मीनाबाई आली, कपाळाला हात लावला, मग नाक वाकडं केलं आणि काखेत हात घालून कांदा बाहेर ओढला.

“चौथीत पेपरला हेच केलंतास. ऊठ!”

“आई, तूच म्हणालीस ना, बायामाणसाची कामं?”

“म्हनले व्हते. पर सुनंनं तुजं भाषण दाखवलं मोबाईलवर.” मीनाबाईचे डोळे भरून आले. “चौथ्या न्हाय रं लेकरा, दुसऱ्याच दिवशी बसले विड्या वळाया. टाका वलाच व्हता. तुज्या बापानंबी कवा इचारलं न्हाय. मला वाटलं कुनाच्याच ध्येनात न्हाय. आन् तू चार लोकांत सांगितलंस.”

जालिंदर खजील झाला. टाळीसाठी ठोकून दिलेली थाप खरी निघाली होती, आणि खरी गोष्ट थापेहून वाईट होती. तो मुकाट्याने उठला. दुसरा कांदा आंघोळीला जाताना आपोआप पडला.

दवाखान्यात सतीश, प्रदीप आणि आणखी पाच जण बाकावर ओळीने बसले होते. फाटकात त्यांच्या बायका डबे घेऊन उभ्या, आणि मधोमध शांतम्मा.

“पहिला तू, पुढारी,” सतीश दात खाऊन म्हणाला.

जालिंदर आत गेला. डोळे गच्च मिटून पडला. बुद्धाचं स्मरण केलं, आईचं केलं. थोड्या वेळाने घाबरत विचारलं, “डॉक्टर, सुरू कधी करणार?”

“झालं की. उठा.”

तो बाहेर आला तेव्हा सातही नवरे उभे राहिले. “दुखलं का बे?”

जालिंदर पेचात पडला. दुखलं म्हणावं, तर सात जण भिंतीवरून उड्या मारून पळतील आणि सात बायका आपल्याला धरतील. नाही म्हणावं, तर सहा महिने कशाला टाळलं? समोर बुद्धप्रिया उभी होती. त्याने आयुष्यातलं सर्वांत लहान भाषण केलं.

“न्हाय.”

टाळी कुणीच वाजवली नाही. शांतम्मा ओरडली, “चला, पुढचा कोण?” आणि सतीशला त्याच्या बायकोने आत ढकललं.

मीनाबाईला घेऊन दोघं रिक्षात बसली. बुद्धप्रिया म्हणाली, “एवढंच होतं?”

“एवढंच.”

“आणि यासाठी सहा महिने मला झुलवलंत? बरं. दोन दिवस आराम करा. मग सहा महिने नळाला पाणी येईल तेव्हा उठून तुम्ही भरायचं. पहाटे येवो की मध्यरात्री.”

“अगं, आपल्याकडं पाणी कधी येतं ते देवालाबी ठाऊक नसतं!”

“भरंल की,” शेजारी बसलेली मीनाबाई म्हणाली. “आता काय दुखतंय त्येचं?”

जालिंदरने घाईघाईने पोटावर हात ठेवला. “तसं खरं सांगायचं तर, थोडं दुखलं की गं.”

पण तोवर रिक्षा सुरू झाली होती, आणि दोघी घरात बादल्या किती आहेत ते मोजत होत्या.