पॉलिमरला इस्त्री

"बाबा, इथं ठेवलेला जांभळा तुकडा कुठंय?"

"हा काय. केवढ्या सुरकुत्या पडल्या होत्या त्याला. सुती फडकं टाकून जरा इस्त्री फिरवली."

लेक मटकन स्टुलावर बसली. तो तुकडा म्हणजे तिची चार वर्षं होती. ऊन शोषणारं पॉलिमर तिनं स्वतः तयार केलं होतं आणि कापडासारख्या वाकणाऱ्या प्लास्टिकवर त्याचा थर दिला होता. पडलेल्या उन्हापैकी निदान आठ टक्क्यांची वीज व्हायला हवी होती. होत होती पाच. आज शेवटची चाचणी, नाहीतर प्रकल्पाला टाळं. बाबांचा डबा द्यायला म्हणून ती वाटेत दुकानात थांबली आणि हात धुवायला आत गेली, तेवढ्यात हे झालं.

"अगं, वाईट दिसत होतं," बाबा पुटपुटले. चाळीस वर्षं शिंपीकाम केलेल्या माणसाला सुरकुती बघवत नाही.

"लोक नाही बघणार बाबा, यंत्र बघणार आहे."

"म्हणून काय चुरगळलेलं द्यायचं?"

दुसरा तुकडा नव्हता. देवाचं नाव घेत तिनं तोच प्रयोगशाळेत नेला. तिच्या मार्गदर्शक सरांनी तो उन्हासारखा प्रकाश देणाऱ्या दिव्याखाली ठेवला. आकडा पाचावर थांबला नाही, आठावरही नाही. नऊ पूर्णांक चार.

सरांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "काय बदललंस?"

खोटं तिच्या जिभेवर येतच नसे. "इस्त्री केली, सर. म्हणजे, बाबांनी."

ऊब आणि दाब मिळून थरातले पॉलिमरचे विस्कटलेले धागे ओळीत बसले असणार, हे सरांनी ओळखलं. "तीन दिवस देतो. पुन्हा जमवून दाखव."

नवे तुकडे झाले, पण भट्टीत तापवून, वर दाब देऊनही एकही सहाच्या वर जाईना. तिसऱ्या दिवशी बाबांना इस्त्रीसकट बोलावणं गेलं.

"तापमान किती ठेवता?" सरांनी विचारलं.

"ते मला काय ठाऊक? ओलं बोट टेकवायचं. चरचरलं तर जास्त, गप्प राहिलं तर कमी. मधलं धरायचं."

सरांनी इस्त्रीला तापमापक जोडला. बाबांनी पाच वेळा बोट टेकवलं, पाच तुकडे फिरवले. पाचही वेळा एकशे दहा अंश, आणि पाचही तुकडे नवाच्या वर.

"प्रकल्प चालू राहील," सर हळूच म्हणाले. "आणि शोधनिबंधावर यांचंही नाव जाईल."

लेकीचे डोळे भरून आले. बाबांची नजर मात्र सरांच्या पांढऱ्या कोटावर खिळली होती.

"साहेब, राग मानू नका, पण खांद्यात झोळ पडलाय. कुणी शिवला हा?"

ज्यांच्यापुढे अख्खी प्रयोगशाळा मान खाली घालून उभी राहायची, ते सर निमूटपणे हात पसरून उभे राहिले.

"श्वास सोडा," टेप लावत बाबा म्हणाले. "पोट आत घेऊन माप देऊ नये."