गजभिये सरांचा कोरम

मे महिन्यात आमच्या वर्ध्याला कुत्रीसुद्धा नालीत लोळतात. अशा उन्हात पिपरी मेघेच्या रस्त्यावर एक म्हातारा लोकरीचा स्वेटर आणि कानटोपी चढवून निघाला, की आमचा सगळा लेआउट, म्हणजे अख्खी वसाहत ओळखते: आज गजभिये सरांची मीटिंग आहे.

सर आमच्या समोर राहतात. प्राध्यापकी संपली आणि गावाबाहेरच्या प्रगत संगणन संशोधन केंद्राच्या सल्लागार मंडळावर त्यांची नेमणूक झाली. मी तिथेच कार्यालयात, त्यामुळे त्यांची ने-आण माझ्या स्कूटरकडे. तिथला महासंगणक गारठलेल्या खोलीत असतो, आणि बैठक त्याच्या शेजारीच व्हावी हा सरांचा हट्ट. "पेशंट एकीकडे अन् डॉक्टर दुसरीकडे, असं कुठं असते काय?" झालं, सगळं मंडळ स्वेटरात.

दुसरा हट्ट कोरमचा. पुरेशी माणसं जमल्याशिवाय सर बैठकच काय, टपरीवरचा चहासुद्धा सुरू करत नाहीत. "एकट्याचा चहा कायचा? कोरम होऊ दे!" मग रस्त्यावरचा कोणीही धरून आणला जातो.

सल्लागार कशाला लागतात, असं मी एकदा विचारलं. "बाबू, सल्लागार म्हणजे घरातला म्हातारा. ऐकाचं का नाई, ते पोट्ट्यायनं ठरवावं. पण त्यायले विचार कराले लावणं आपलं काम."

आणि लावायचेच. संचालक नवं, मोठं यंत्र घ्यायला उतावीळ झाले होते. सरांनी एवढंच विचारलं, "जुन्यानं कोणता प्रश्न सुटून नाई राह्यला?" संचालकांनी नोंदी काढून पाहिल्या, तर जुनं यंत्र अर्धा वेळ रिकामंच. खरेदी बारगळली आणि तो रिकामा वेळ विद्यार्थ्यांना मिळाला.

यंदा संचालकांनी बैठका ऑनलाइन केल्या. विरोधात एकटे सर. "मीटिंगनंतरचं जेवण कम्प्युटरवर वाढान काय?" सगळे हसले. बैठकीच्या दिवशी सगळं मंडळ एकत्र जेवायचं. आमच्या काकू, म्हणजे सरांच्या पत्नी गेल्यापासून सर चारचौघांत जेवत ते तेवढंच.

पहिल्या ऑनलाइन बैठकीला कम्प्युटर जोडून द्यायला मी त्यांच्याकडे गेलो. सर स्वेटर-कानटोपीत घामानं निथळत होते. आवाज नको म्हणून कूलर बंद.

"सर, घरात काऊन स्वेटर?"

"मीटिंग आहे नं बाबू!"

बैठक जोरात झाली. सरांनी संचालकांचा एक ठराव परत पाठवला. मग एकेक चेहरा पडद्यावरून नाहीसा झाला. स्वयंपाकघरात भला मोठा गंज, म्हणजे पातेलं भरून पाटोडीचा रस्सा होता. बैठकीला ते दरवेळी नेत तेवढाच.

"सवयीनं करून बसलो," सर म्हणाले. "तू घेऊन जाय घरी. मी खाईन मंग कवाही. एकट्याचा कोरम नाई होत."

मला फार वाईट वाटलं. रस्सा तिथेच ठेवून मी घरी गेलो, कपाटातून स्वेटर काढून अंगात घातला. बायकोला दोन शब्दांत सांगितलं. तिनं शाल घेतली.

भर दुपारी तशा अवतारात आम्ही सरांच्या दारात उभे राहिलो. सरांनी दोघांकडे नीट पाहिलं, कानटोपी सारखी केली आणि फळीवरून तीन ताटं काढली.

"झाला कोरम," ते म्हणाले. "बसा."