डावीकडून तिसरी बरणी

गणपतीच्या आदल्या दिवशी मेघालीनं सासूच्या स्वयंपाकघरातली फळी लावायला घेतली, ती सासूला खूश करायला.

मेघाली केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झालेली. आता कल्याणच्या कॉलेजात एम.एस्सी.ला नाव घालायचं होतं. नवरा भावेश तयार, सासरे केसरीनाथ तयार; घोडं अडलं होतं ते सीताबाईंपाशी. "गनपती जाऊ दे, मंग बगू," एवढंच त्या म्हणत.

मेघालीनं सगळ्या बरण्या एकसारख्या काचेच्या आणल्या, मीठ, सोडा, तुरटी एका रांगेत मांडली आणि वर इंग्रजीतून रासायनिक नावांच्या चिठ्ठ्या डकवल्या.

"आई, केमिस्ट्रीत हे सगळे क्षारच. एकाच घरातले."

"एका घरातले हायत म्हून एका टोपात नको जायाला," सीताबाई म्हणाल्या.

चिठ्ठ्या वाचण्याचा त्यांना सराव नव्हता आणि गरजही नव्हती. शेलार गावातल्या या घरात सून म्हणून आल्यापासून मिठासाठी त्यांचा हात डोळे मिटूनही डावीकडून तिसऱ्या बरणीवर जाई. तिथं आता सोडा होता.

दुसऱ्या दिवशी वालाच्या बिरड्याचा मोठा टोप चढला. नैवेद्याचं अन्न चाखायचं नाही, हा घरचा नेम. सीताबाईंनी मूठभर 'मीठ' टाकलं, आणि पिवळंधमक बिरडं बघता बघता लालबुंद झालं.

"गो बाय! देवाचा काय चुकला का काय?"

मेघालीला एका क्षणात कळलं. हळदीच्या डागाला साबण लागला की होतं, तेच हे. पण सांगावं, तर हे आपण फळी लावल्यामुळं झालं तेही आलं, आणि एम.एस्सी. तिथंच बुडाली. टोप ओतून द्यावा, तर बाहेर आरती सुरू झालेली.

तिनं तांब्याभर कोकमाचं पाणी बिरड्यात ओतलं. टोप फसफसून उठला, फेस ओट्यावर आला.

"ह्यो जिता झाला गो!"

"भांडतायत ते, आई. दमले की गप बसतील."

आणखी एक तांब्या. फेस बसला, बिरडं पुन्हा पिवळं. या विजयानं मेघाली इतकी हरखली की खरं मीठ घालायचं राहूनच गेलं.

पंगत बसली. मेघाली आत भात काढत होती, तोवर सीताबाईंनी रीतीप्रमाणे प्रत्येक पानात लिंबाची फोड आणि चिमूटभर मीठ वाढलं. त्याच बरणीतलं.

त्यांचे थोरले भाऊ रामनाथ पहिल्याच घासाला थांबले. "सीते, मीठ घातलंस का न्हाय?"

"मूठभर घातलंय, दादा!"

"मंग गेलं कुठं?" रामनाथांनी पानातली चिमूट बिरड्यात कालवली आणि वर लिंबू पिळलं. पान फसफसलं. शेजारी केसरीनाथांचं फसफसलं. मग सगळी पंगतच उतू जायला लागली.

भाताचं पातेलं घेऊन मेघाली दारातच थिजली.

"अजून दमले न्हायत गो ते?" सीताबाईंनी विचारलं.

मेघालीनं खाली मान घालून सगळं सांगितलं. सीताबाई आत गेल्या, बोटाच्या टोकानं एकेक बरणी चाखली, तुरटीला तोंड वाकडं केलं आणि खरं मीठ आणून पंगतीला वाढलं.

जेवणं उरकल्यावर त्यांनी विचारलं, "कालेजात नाव घालायला कदी जायाचं?"

"सोमवारी होतं. पण राहू दे, आई."

"राहू दे कसं? सोमवारीच जायाचं. आनि बरन्या लावायला हात शिवशिवले, तर थितं लाव. थितं कुनी जेवत न्हाय." मग आवाज खाली आणून त्या जवळ सरकल्या. "पन जायच्या आदी मला येवडं सांग, लालाचं पिवळं केलंस कसं?"