साफ केलेलं बेट

"मास्तर, ह्या कुत्र्याला चार पाय कधी आले?"

शनिवारी सकाळी साडेदहाला मालकीणबाईंनी छापखान्यातल्या लांब टेबलावर पुस्तकांचा पहिला गठ्ठा सोडला, एक प्रत उचलली आणि सातवं पान उघडून हा प्रश्न विचारला. सफाईमास्तरांना वाटलं, शाबासकीच मिळतेय. ते खुर्चीतून उठले, चष्मा कपाळावर चढवला आणि विनयाने म्हणाले, "मीच दिला. चित्रकारताई एक पाय काढायला विसरल्या होत्या बिचाऱ्या. मागचा डावा उचलला, उलटा केला आणि बसवला. सांधा दिसतोय का बघा!"

सांधा दिसत नव्हता. तीच तर पंचाईत होती. मालकीणबाईंनी कुत्र्याखालची ओळ मोठ्याने वाचली, "'आमचा लंगड्या तीन पायांवर धावतो आणि सगळ्यांच्या आधी पोचतो.'"

मास्तरांनी कुत्र्याकडे पाहिलं. कुत्रा चारही पायांवर ऐटीत उभा होता.

मास्तरांचं काम म्हणजे छापायच्या आधी चित्रांची साफसफाई. संगणकावर चित्र मोठं करायचं आणि कागदावरची धूळ, केस, शाईचे शिंतोडे एकेक टिपून काढायचे. बावीस वर्षं ते हेच करत होते, आणि हात असा बसला होता की त्यांनी साफ केलेल्या पानावर माशी बसली तरी ती आपण चुकीच्या जागी आलो म्हणून उडून जावी. मजकूर मात्र ते कधी वाचत नसत. अक्षरं वाचायला लागलं की डोळा चित्रावरून सुटतो, असा त्यांचा सिद्धांत होता. सफाईची हौस घरीही होती. त्यांच्या नाकावर वाटाण्याएवढा मस होता, पण घरातल्या एकाही फोटोत तो नव्हता. त्यांची बायको पाहुण्यांना सांगायची, "फोटोतल्या माणसाशी माझी ओळख नाही. मी ह्यांच्याशी लग्न केलंय."

मालकीणबाई पुढची पानं उलटत होत्या, आणि पानागणिक त्यांच्या भुवया वर चालल्या होत्या.

"ही आजी. 'आजीच्या तोंडात एकुलता एक दात, तरी हसते सगळ्यांत मोठ्याने.' हिला दात किती दिलेत?"

"वरचे सगळे," मास्तर म्हणाले. आवाज जरा खाली आला होता. "खालचे ओठाआड गेले, नाहीतर..."

"आणि हिचा गाल?"

पानावर सात-आठ वर्षांची एक मुलगी होती. गोल चेहरा, विस्कटलेले केस आणि धुतल्या ताटलीसारखे दोन स्वच्छ गाल.

"ते तर विचारूच नका," मास्तरांना पुन्हा हुरूप आला. "एक भला मोठा तपकिरी डाग होता इथे. एकोणीस पानांवर, शिवाय मुखपृष्ठावर! स्कॅनरच्या काचेवरच डाग असणार म्हणून मी तीनदा काच पुसली. पण हटेना. मग बसून एकेक काढला."

"मास्तर, मुलगी कधी इकडे आहे, कधी तिकडे. एका पानावर तर झाडाला उलटी लटकलीय. काचेवरचा डाग काय तिच्या मागे मागे फिरत होता?"

"त्याचंच मला नवल वाटलं होतं," मास्तर प्रामाणिकपणे म्हणाले.

मालकीणबाईंनी पुस्तक मिटलं आणि मुखपृष्ठ त्यांच्यासमोर धरलं. "नाव वाचा."

मास्तरांनी बावीस वर्षांत पहिल्यांदाच पुस्तकाचं नाव वाचलं. 'गालावरचं बेट'.

चित्रकारताईंची एक भाची होती, सात वर्षांची. तिच्या डाव्या गालावर जन्मापासून तपकिरी खूण होती. शाळेत कोणीतरी काहीतरी बोललं, आणि तेव्हापासून ती केसांचा पडदा गालावर ओढून हिंडायची. वर्गाच्या फोटोत मुद्दाम तिरकी उभी राहायची. तिच्यासाठी मावशीने वर्षभर खपून हे पुस्तक काढलं होतं. त्यातल्या मुलीच्या गालावर बेट असतं, कुत्र्याला तीन पाय असतात, आजीला एक दात असतो आणि त्यामुळे कोणाचंही काही अडत नाही. ताईंनी नमुना पाहून मंजुरी दिली होती. मास्तरांनी सफाई केली ती मंजुरीनंतर, कोणी न सांगता, वरकड म्हणून. आणि आज चार वाजता बालवाचनालयात ताई हे पुस्तक साठ मुलांसमोर वाचणार होत्या. भाचीने ते अजून पाहिलं नव्हतं. ती पहिल्या रांगेत बसणार होती.

मास्तर मटकन खाली बसले.

"पुन्हा छापू," ते म्हणाले.

"कशावर? यंत्राचे रूळ दुरुस्तीला गेलेत, मंगळवारी येतील." मालकीणबाईंनी ताईंना फोन लावला. फोन बंद होता. वाचनालयात चित्रं टांगायच्या नादात त्यांना कशाचंच भान नसणार. "मी जाऊन सांगून येते. दुसरा उपाय नाही."

"थांबा!" मास्तर ताडकन उठले. अंगात वारं शिरल्यासारखा त्यांना उत्साह आला होता. "मी पुसलंय, मीच लावतो. शिक्का करतो!"

खणात एक मोठं खोडरबर होतं. मास्तरांनी मूळ चित्र समोर ठेवून धारदार पात्याने बेट कोरलं, खाली छोटी शेपटी असलेलं. तपकिरी शाईचं पॅड मिळालं. पुडक्याच्या कागदावर मारून पाहिलं, तर झकास उठलं आणि लगेच वाळलं. मालकीणबाईही बाह्या सरसावून बसल्या. त्या पान उघडायच्या, मास्तर नेम धरून ठप्प करायचे, प्रत मिटून ढिगावर जायची. साठ प्रती, प्रत्येकीत एकोणीस गाल, वर मुखपृष्ठ. दुपारचं जेवण बिस्किटांवर भागलं. दोन-चार ठिकाणी बेट हनुवटीवर घसरलं, एका ठिकाणी कानावर चढलं. "लाट आली असेल," मास्तर म्हणाले. आता त्यांना विनोदही सुचू लागले होते.

कुत्र्याचं आणि आजीचं काय करायचं, यावर खल झाला. "असू देत," मालकीणबाई म्हणाल्या. "पायाशी आणि दातांशी भांडायला वेळ नाही. मुलं कुठे मोजत बसतात!"

पावणेचारला गठ्ठा रिक्षात घालून दोघं वाचनालयात पोचले. साठ मुलं सतरंजीवर दाटीवाटीने बसली होती, मागे पालक उभे होते. ताईंनी पुस्तकाला हातही लावला नव्हता, तोच मुलांच्या हातात प्रती गेल्या. भाची पहिल्या रांगेत, केसांच्या पडद्याआड. मास्तर दाराशी एका खांबाला पाठ लावून उभे राहिले. ताईंना आधी गाठून सांगायचं असं वाटेत ठरलं होतं, पण टाळ्या सुरू झाल्या आणि ते राहूनच गेलं.

ताईंनी वाचायला सुरुवात केली. पहिली सहा पानं सुरळीत गेली. शिक्का थोडा फिकट होता, पण ताई मजकुराकडे बघत होत्या. मास्तरांचा जीव भांड्यात पडतो न पडतो तोच सातवं पान आलं.

"'आमचा लंगड्या तीन पायांवर धावतो...'"

"चार!" एक मुलगा ओरडला.

"तीन, बाळा."

"चार! एक, दोन, तीन, चार!" आता साठ बोटं साठ कुत्र्यांवर टेकली. "चार! चार! चार!"

ताईंनी पान डोळ्यांजवळ नेलं. गोंधळून त्यांनी पुढचं पान उलटलं आणि सवयीने वाचून गेल्या, "'आजीच्या तोंडात एकुलता एक दात...'"

"खोटं! केवढे आहेत!" सभागृह दणाणलं. चूक सापडण्यासारखा आनंद मुलांना दुसरा नाही, आणि इथे तर पानोपानी खजिना होता. "आजीच्या गालावर काय आहे? ड्रायव्हरच्या पण! कुत्र्याच्या पोटावर पण!"

मास्तरांनी पुढच्या मुलाच्या पुस्तकात डोकावून पाहिलं. पुडक्याचा कागद खरखरीत होता, शाई पिऊन टाकणारा. पुस्तकाचा कागद मात्र गुळगुळीत. त्यावर ती शाई वाळलीच नव्हती. पुस्तकं मिटून ढिगात ठेवली, वजन पडलं, आणि प्रत्येक बेट समोरच्या पानावर उमटलं. एका बेटाची दोन झाली होती. बसच्या ड्रायव्हरला बेट, शाळेच्या बाईंना बेट, एका पानावर तर सूर्यालाही.

ताईंचा चेहरा उतरला. त्यांनी मालकीणबाईंकडे पाहिलं. मालकीणबाईंनी खांबाकडे पाहिलं. खांबाआड लपण्याएवढे मास्तर बारीक नव्हते.

"मी केलं," ते पुढे येऊन म्हणाले. "मला वाटलं, पाय विसरलाय, म्हणून दिला. दात पडलेत, म्हणून बसवले. आणि मुलीच्या गालावर... मला वाटलं, चुकून पडलेला डाग आहे. म्हणून पुसला."

पहिल्या रांगेतून भाची उठली.

"चुकून नाहीये," ती म्हणाली. "जन्मल्यापासून आहे."

मास्तरांनी चष्मा काढून हातात घेतला.

"सगळ्या पानांवरचं पुसलंत?"

"एकोणीस. आणि मुखपृष्ठ."

"आणि मग परत लावलंत?"

"हो. शिक्का करून."

"दाखवा."

मास्तरांनी खिशातून खोडरबर काढून तिच्या हातात दिलं. भाचीने ते उलटसुलट करून पाहिलं. मग एका हाताने केसांचा पडदा मागे सारून कानाआड खोचला आणि उघड्या गालाशेजारी पुस्तकातलं पान धरलं. "मावशी, बघ गं. शेपटी ह्या बाजूला आहे ना माझी? ह्यांनी त्या बाजूला केलीय!"

मास्तर वाकले. एकदा गालाकडे पाहिलं, एकदा पानाकडे. शिक्का सरळ कोरला की छाप उलटा उमटतो, हे छापखान्यातल्या झाडूलाही माहीत असतं. बावीस वर्षांच्या नोकरीत एवढी लाज त्यांना कधी वाटली नव्हती.

"उलटं कोरायला हवं होतं," ते पुटपुटले.

"हो मग!" भाची म्हणाली. तिचा राग आता खरा चढत होता. "आणि आजीला का दिलंत? ड्रायव्हरला का दिलंत? सूर्याला? सगळ्यांना कसं असेल? हे माझं आहे!"

मागे उभ्या ताईंनी तोंडावर हात धरला. वर्षभर त्या हेच एक वाक्य चोवीस पानांत रंगवत बसल्या होत्या, आणि भाची ते साठ मुलांसमोर केस मागे सारून ठणकावत होती.

"खरं तुझंच आहे का? बघू!" मागची एक मुलगी पुढे आली. तिच्यामागे दुसरी आली, मग चार मुलं, आणि बघता बघता रांग लागली. भाची गाल पुढे करून उभी राहिली. "हात लावून बघा, निघत नाही. घासलं तरी नाही."

"मला पण पाहिजे!" कोणीतरी म्हणालं, आणि मग काही विचारू नका. मास्तरांच्या पिशवीतून पॅड निघालं. मास्तर शिक्का मारत होते, भाची शेजारी उभी राहून प्रत्येक गाल तपासत होती. "ह्याचं खोटं आहे. चार दिवसांत जाईल. माझं पक्कं आहे."

एक मुलगा रांगेतून बाहेर पडला. "मला नको. माझ्याकडे टाके आहेत." त्याने गुडघा उघडा केला. लगेच एकीने भुवईतली खोक दाखवली, एकाने जोडलेली बोटं. जिचे समोरचे दोन्ही दुधाचे दात पडले होते तिने आ वासला. ज्यांच्याकडे दाखवायला काहीच नव्हतं ती हिरमुसून पुन्हा रांगेत लागली.

शेवटी मास्तरांनी भीतभीत विचारलं, "मी पण एक लावून घेऊ?"

भाचीने त्यांचा चेहरा नीट न्याहाळला. "तुम्हाला कशाला? तुमच्या नाकावर केवढी टेकडी आहे!"

सगळी मुलं नाक बघायला पुढे झुकली. "खरी आहे?" "खरीच," मास्तर म्हणाले आणि त्यांनी मान ताठ केली.

शाई चार दिवसांत गेली नाही. आठ दिवस राहिली. सोमवारी छापखान्यात पालकांचे फोन आले, आणि मालकीणबाई प्रत्येकाला कोमट पाणी आणि धीर, असे दोन उपाय सांगत बसल्या. शुक्रवारी एका पालकाने मात्र वेगळंच विचारलं. मुलीचं बेट निघत चाललंय, ती रडतेय, शिक्का पुन्हा मिळेल का?

ताईंनी पुस्तक पुन्हा छापायचं ठरवलं. कुत्र्याला तीनच पाय, आजीला एकच दात, आणि बेट फक्त ज्याचं त्यालाच. चित्रं पुन्हा मास्तरांकडे आली. या वेळी त्यांनी आधी सगळा मजकूर दोनदा वाचला आणि मगच संगणक लावला. तासाभरात ताईंचा फोन वाजला.

"ताई, पान नऊ. आकाशात, ढगाच्या उजवीकडे, एक बारीक काळा ठिपका आहे. कोणाचा आहे?"

"कोणाचा नाही. धूळ आहे ती. काढून टाका."

"पक्षी नसेल ना? लांबचा?"

"नाही हो मास्तर!"

"पान अकरा. पायरीवर एक केस पडलाय. मांजराचा म्हणून ठेवू?"

"मांजर आहे का त्या पानावर?"

"नाही. पण नुकतंच गेलं असलं तर?"

संध्याकाळपर्यंत असे चौदा फोन झाले. चौदाव्याला ताई म्हणाल्या, "मास्तर, तुम्हाला वाटेल ते पुसा. माझा विश्वास आहे."

"तोंडी नको," मास्तर म्हणाले. "लेखी द्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी कागद आला. त्यावर ताईंच्या सुबक अक्षरात होतं, 'धूळ आणि केस काढण्यास माझी हरकत नाही.' खाली सही आणि तारीख. आणि त्याच्याही खाली मोठ्या, वाकड्या अक्षरांत, पेन्सिल दाबून दाबून लिहिलेली आणखी एक ओळ होती.

'माझं बेट मी स्वतः येऊन तपासणार आहे. शेपटी कुठल्या बाजूला ते पाठ करून ठेवा.'