सहादेव सर हवा बघतात

सहादेव सरांच्या वर्गात मुलं झोपत. तशी ती सगळ्यांच्याच वर्गात झोपत, पण भौतिकशास्त्राला मुळात मुलंच कमी, त्यामुळे झोपलेली चटकन उठून दिसत. एका दुपारी पहिल्या बाकावरची हुशार सृष्टी उष्णतेच्या प्रकरणावर डोकं टेकवून चक्क घोरली, तेव्हा सरांनी ठरवलं, दोष आपल्या शिकवण्यात नाही. हवेत आहे.

हे ठरवणं सोयीचं होतं, पण अगदीच खोटं नव्हतं. कॉलेज काष्टीजवळ, ऐन रस्त्याला लागून. कारखाना सुरू झाला की उसाच्या ट्रॉल्या दिवसभर जातात, आणि धूळ नको म्हणून सगळ्या खिडक्या बंद. आत मुलं एकमेकांनी सोडलेला श्वास आळीपाळीनं घेत बसतात.

सरांनी कार्बन डायऑक्साइड मोजणारं एक यंत्र मागवलं. साबणाच्या डबीएवढं. हवा बरी असली की हिरवा दिवा, कोंदली की लाल. वर्गात ठेवलं, तास निम्म्यावर यायच्या आत लाल! सरांना इतका आनंद झाला की उरलेला तास सोडून ते प्राचार्यांकडे धावले. (वर्गालाही आनंद झाला.) प्राचार्यांच्या केबिनमध्ये एसी चालू, दार बंद, चहाला चार माणसं. तिथं तर यंत्र लाल होऊन वर ओरडायलाच लागलं.

"वा, सहादेव!" प्राचार्य म्हणाले. "तपासणीला येणाऱ्या नॅकवाल्यांना दाखवायला झालं. आता साऱ्या कॉलेजची हवा बघून टाका."

इथंच घोळ झाला. कारण संस्थेची निवडणूक तोंडावर आली होती, प्राध्यापकांनाही मत होतं, आणि त्या दिवसांत हवा म्हटलं की कुणाच्या डोक्यात नाकाचा विचार येत नव्हता.

सरांच्या डोक्यात मात्र दोनच गोष्टी होत्या. एक यंत्र आणि दुसरं बेलापूर. बेलापूरला त्यांची बायको, दीपा, शाळेत शिकवते. जिल्ह्याच्या एका टोकाला हे, दुसऱ्या टोकाला ती. शनिवारी एसटीनं जायचं, रविवारी घडी घातलेले कपडे आणि लोणच्याची बरणी घेऊन परत यायचं, असा संसार लग्नापासून चाललेला. संस्थेचं बेलापूरलाही कॉलेज होतं. तिथं बदली मिळाली की प्रश्न मिटला. बदली संस्थेचे अध्यक्ष अण्णांच्या हातात, आणि अण्णा म्हणाले होते, "बघू की, सर." हे ते बरीच वर्षं म्हणत होते.

एक दिवस अण्णांची गाडी आवारात आली. ऑफिसातल्या संदीपनं त्यांच्या कानावर घातलं होतं, "सहादेव सर खोल्याखोल्यांनी फिरून हवा बघतायत." अण्णांनी सरांना लिंबाखाली बोलावलं आणि ड्रायव्हरला लांब पाठवलं.

"काय सर, हवा कशी हाय?"

एवढा मोठा माणूस, पण विज्ञानाची आस्था बघा! सर भारावले.

"खरं सांगू का अण्णा? बाहेर चांगली आहे. आत फार खराब."

अण्णांचा चेहरा उतरला. "आत म्हंजी? स्टाफरूममधी?"

"सकाळी ठीक असते. जेवणं झाली की बिघडते. सगळे एकत्र बसतात ना."

"बसत्यात व्हय? आन् सगळ्यात खराब कुटं?"

"प्राचार्यांच्या केबिनमध्ये," सर पटकन म्हणाले. "दार लावून घेतात. चार माणसं जमली की बघता बघता वाढत जाते."

"आरं तिच्या! मला रोज फोनवर म्हंतो, अण्णा, काळजी करू नका!" अण्णांनी इकडंतिकडं पाहिलं. "तुमाला कसं कळलं पण?"

"यंत्र आहे ना. टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवून द्यायचं. कुणाचं लक्षही जात नाही."

अण्णा सरांकडे बघतच राहिले. "भारी यंत्रणा हाय तुमची. मग, इलाज काय?"

"सोपा आहे. जुनी कोंडलेली हवा काढायची, नवी आत घ्यायची. केबिनचं म्हणाल तर प्राचार्यांनी जरा बाहेर पडायला हवं. आपोआप सुधारेल." सरांना वाटलं, आता थोडी शास्त्रीय माहितीही द्यावी. "यात मुख्य दोष आहे तो कार्बन—"

"नावं न्हाई घ्यायची." अण्णांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "मी समजलो. सर, तुमचं मी ध्यानात ठेवतो."

संध्याकाळी सरांनी दीपाला फोन केला. "अण्णांनी खांद्यावर हात ठेवला!"

"बदलीचं बोललात का?"

"बोलायची गरजच पडली नाही."

पुढच्याच आठवड्यात ऑर्डर निघाली. बेलापूरला बदली. प्राचार्यांची.

संदीपनं हसत हसत सगळा उलगडा केला, तेव्हा सर यंत्र खिशात टाकून धापा टाकत अण्णांच्या बंगल्यावर गेले. "अण्णा, गैरसमज झाला. मी श्वासाच्या हवेबद्दल बोलत होतो. हे बघा!" त्यांनी यंत्र पुढं धरलं. अण्णांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि मोठ्यानं हसले.

"आसं सांगायचं आसतंय व्हय बाहेर! हुशार हायेत तुमी. कुनी इचारलं तर हेच दाखवा."

"अण्णा, पण माझी बेलापूरची बदली..."

"ते इसरा आता. तुमच्यासारखा मानूस मला हितंच हवा!"

रात्री सरांनी दीपाला फोनवर अण्णांचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं.

"हा माणूस मलाही हवाच होता की," ती म्हणाली. "मी यंत्र लावून सांगितलं नाही एवढंच."

सरांनी खिशातलं यंत्र काढून बंद केलं.

"बरं, ऐका," ती पुढं म्हणाली. "तुम्ही येणार म्हणून घरमालकांना वरच्या दोन खोल्या ठेवायला सांगितल्या होत्या. आज तुमचे प्राचार्य येऊन बघून गेले. घेतल्यासुद्धा."

"घेतल्या?"

"हो. म्हणाले, हवेशीर आहेत."